कार्डाच्या नावानं शिमगा

बटण दाबलं, आतले पंखे घरघरायला लागले, कॅबिनेटच्या तोंडावरचा निळा दिवाही लागला, आणि पडद्यावर मात्र अमावास्या. अशा वेळी खोलीत जितकी डोकी असतील तितक्यांचं निदान एकच असतं : 'कार्ड उडालं.' यवतमाळहून नागपूरकडे निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर जे कळंब लागतं, त्या तालुक्याच्या गावी हे निदान करायला कॉम्प्युटर शिकलेला माणूस लागत नाही. सातबाऱ्यासाठी रांगेत उभे असलेले काका, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली ताई, नुसतेच कुलरसमोर बसायला आलेले दोघेतिघे, सगळे एकमुखानं सांगतात, 'कार्डच उडालं असन, भाऊ.' नालीच्या उतारावरून ज्यांचं वर्षानुवर्षं जमत नाही, त्यांचं या बाबतीत क्षणात जमतं. मराठीत तशाही बिनपंखाच्या वस्तू फार उडतात. फ्यूज उडतो, बल्ब उडतो, रंग उडतो, झोप उडते. पण त्या खरोखर उडालेल्या असतात. कार्डाचं तसं नाही. माझं म्हणणं असं, की पडदा काळा पडण्याच्या बहुतेक खटल्यांत ग्राफिक्स कार्ड निर्दोष असतं, आणि त्याच्यावर आळ येतो तो पुराव्यामुळे नव्हे, किमतीमुळे.

पहिला पुरावा तर असा आहे, की तो ऐकून न्यायाधीशानं खटला तिथंच निकाली काढावा : बऱ्याचदा आरोपी जन्मालाच आलेला नसतो. सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, पतसंस्था, २००१ सालापासून गावोगाव निघालेले एमएस-सीआयटीचे क्लास, इथल्या साध्या मशिनींत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवायचं कुणाला कारणच नसतं. दाखल्यावर नाव टाइप करायला आणि अंगठ्याचा ठसा पाठवायला त्याची गरज काय? चित्र दाखवायचं काम पूर्वी मदरबोर्डवरचीच एक चिप करायची. २०१० पासून इंटेलनं ते प्रोसेसरच्या पोटात ढकललं. कार्ड आहे की नाही हे कळायला झाकणही काढावं लागत नाही. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, मागची जळमटं हातानं सारायची आणि मॉनिटरची वायर कुठं जाते ते पाहायचं. माऊस, कीबोर्ड, यूएसबी यांच्या उभ्या चाळीतच ती घुसलेली असेल, तर घरात कार्ड नाही. खाली आडव्या पट्टीत, वेगळं बिऱ्हाड केल्यासारखी लागलेली असेल, तर आहे. एवढी चौकशी न करता 'कार्ड उडालं' म्हणणं म्हणजे बिनलग्नाच्या माणसाला सासू वारल्याची तार करणं. उलटही घडतं. कार्ड आहे, ठणठणीत आहे, पण झाडलोट करताना कुणीतरी वायर उपसली आणि परत लावताना वरच्या, मदरबोर्डच्या भोकात खोचली. कार्ड बसवलेलं असलं की बरेच बोर्ड ते वरचं भोक बंदच ठेवतात. म्हणजे कार्ड बिचारं खालच्या दारातून चित्रं बाहेर फेकतंय, आपण वरच्या दारात वाट बघत उभे, आणि शिव्या मात्र त्याच्याच नावानं.

मग कार्डच का? कारण महाग दुखण्याला समाजात मान आहे. 'जरा सर्दी होती' असं सांगणाऱ्याला विदर्भात कुणी खुर्ची पुढे करत नाही. 'नागपूरला दाखवून आलो' म्हटलं की आतून चहा येतो. कॉम्प्युटरचंही तेच. 'वायर ढिली होती' या वाक्यात बोलणारा वेंधळा ठरतो. 'कार्ड उडालं' या वाक्यात कुणीच वेंधळा ठरत नाही. मालकावर संकट कोसळलेलं असतं, मेकॅनिकला चेहरा गंभीर करायची सोय होते, आणि घरात बारावीतला मुलगा असेल तर तो या निदानाचा आद्य प्रवर्तकच असतो, कारण नव्या गेमसाठी त्याला नवं कार्ड हवंच होतं. त्यातून आरोपी खानदानी. १९९९ साली एनव्हिडियानं जीफोर्स २५६ बाजारात आणताना 'जीपीयू' हा शब्द मिरवायला सुरुवात केली, आणि जून २०२४ मध्ये हीच कंपनी काही काळ जगातली सगळ्यात किमती कंपनी होऊन बसली. अशा घराण्यातल्या वस्तूवर संशय घेण्यातही एक ऐट असते. रॅमवर काय संशय घ्यायचा? आणि पॉवरची वायर तर कुणाच्या खिजगणतीतही नाही. पोलिस तपासात गरीब आधी उचलला जातो अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. कॉम्प्युटरच्या तपासात श्रीमंत आधी आत जातो. समाजवाद कुठंतरी आला म्हणायचा.

दुसरं कारण डोळ्यांचं आहे. जिथं दिसेनासं झालं, तिथंच बिघडलं, असा आपला सरळ हिशेब. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी फिरताना पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर ती शुभवार्ता आहे. पाटी दाखवतोय म्हणजे मॉनिटर धडधाकट आहे, आणि तो इमानदारीनं सांगतोय की माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. कुठं अडलं, हे त्याला ठाऊक नाही. कळंबकरांना हे उमगायला जड जाऊ नये. वर्ध्याहून कळंबपर्यंतच्या रेल्वेला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हिरवा झेंडा दाखवला गेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा हा तुकडा. वाटेत देवळी आहे, भिडी आहे. उद्या कळंबच्या फलाटावर गाडी आलीच नाही, तर कुणी 'भिडी उडालं' म्हणेल काय? गाडी वर्ध्यालाच उभी असेल, देवळीला अडली असेल. मशीनमध्येही वीज एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवरच्या डब्यातून निघते, मदरबोर्डवर येते, प्रोसेसर जागा होतो, रॅमची हजेरी घेतली जाते, मग कुठं कार्ड, मग वायर, मग पडदा. पडद्याच्या अलीकडचं मोठं स्टेशन म्हणून कार्डाला फाशी. गाडी कुठवर आली हे पाहायची एक फुकटची युक्ती आहे. मशीन सुरू करून मिनिटभर थांबायचं आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागतो-विझतो, तर मशीन आतून जागं आहे, त्याचं फक्त तोंड दिसत नाही. मग कार्डाकडे किंवा वायरीकडे बोट दाखवायला निदान आधार तरी मिळतो. दिवा ढिम्म, तर गाडी बहुधा अलीकडेच कुठंतरी खोळंबली आहे. पूर्वी कॅबिनेटमध्ये एक चिमुकला स्पीकर असायचा आणि मशीन स्वतःच आपलं दुखणं ओरडून सांगायचं. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चित्राचं दुखणं. कुकरच्या शिट्ट्या मोजून वरण शिजवणाऱ्या देशात ही पद्धत टिकायला हवी होती. स्वस्त कॅबिनेटवाल्यांनी आधी तो स्पीकरच गाळला. आता रोगी मुका आणि नातेवाईक बोलके.

त्यात या मुलखाची हवा. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की कुलरशिवाय माणूस बसू शकत नाही, आणि कुलर बहुधा कॉम्प्युटरच्याच एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला असतो, कारण खोलीत धड प्लग तेवढाच. कुलरची मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर बसतं आणि कॉम्प्युटर डोळे मिटतो. 'कार्ड गरम झालं,' असा निकाल लागतो. खरं म्हणजे कुलर थंड करायला लागला. शिवाय कुलरचं तोंड ऑपरेटरकडे, ऑपरेटरच्या गुडघ्याशी कॅबिनेट, म्हणजे ओलसर हवेचा पहिला घास त्याला. दिवाळीच्या आगेमागे कापूस निघायला लागतो, गाड्या भरून जिनिंगकडे जायला लागतात आणि हवेत तंतू तरंगतात. तंतू, महामार्गाची धूळ आणि कुलरची ओल यांची पंख्याखालच्या हीटसिंकवर जी गोधडी विणली जाते, ती एकदा चिमटीत धरून उचलून पाहावी, अखंड निघते. कळंबशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या गृत्समद ऋषींनी कापसाची पहिली लागवड केली, अशी आख्यायिका इथं सांगतात. ती खरी धरली तर या गोधडीला वैदिक परंपरा आहे म्हणायचं. पण मे महिन्यात गोधडी पांघरून बसवलं तर ऋषींनाही घेरी येईल. प्रोसेसरचं काय घेऊन बसलात? एसएमपीएसची कथा निराळीच. स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर '४५० वॉट' असं छापलेलं असतं आणि ते लग्नाच्या बायोडाटातल्या पगाराइतपतच खरं असतं. कार्डाला नुसत्या खाचेतून ७५ वॉटपर्यंत वीज ओढायची मुभा असते, मोठ्या कार्डांना वरून वेगळी वायर लागते. ती देताना डब्याचा जीव जातो, आणि ज्यानं जेवण मागितलं तोच चोर ठरतो.

तरी या सगळ्यांत खरा मानकरी रॅम. पडदा काळा, पंखे चालू, दिवा ढिम्म, असं दृश्य असलं की शहाण्या मेकॅनिकचा हात आधी रॅमकडे जातो. वायर काढायची, उरलेली वीज निघून जावी म्हणून बटण एकदा दाबायचं, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर ढकलायच्या. पट्टी हलकेच वर येते. खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते आणि नीट पाहिलं तर तिच्यावर एक काळपट कळा चढलेली दिसते. शाळेतला पांढरा खोडरबर त्या दातांवरून एकाच दिशेनं फिरवायचा. काळा चुरा पडतो, तो कोरड्या ब्रशनं झाडायचा. तोंडानं फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीत ओल असते, आणि खर्रा खाणाऱ्या जिल्ह्यात फुंकरीत आणखीही बरंच काही असतं. मग पट्टी खाचेत उभी धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. दोन्हीकडून 'टक्' असा आवाज यायला हवा. एकाच बाजूनं आला तर पाहुणा उंबऱ्यातच उभा आहे असं समजावं. पाच-दहा रुपयांच्या रबरानं मेलेलं मशीन उठून बसतं. मेकॅनिक हे काम शक्यतो गिऱ्हाइकाकडे पाठ करून करतो. त्यात फसवणूक असतेच असं नाही, संकोच असतो. तिसरीतल्या पोराच्या कंपासपेटीतलं हत्यार वापरून पैसे कुठल्या तोंडानं मागायचे?

'म्हणजे कार्ड कधी जातच नाही, असं म्हणायचंय का?' हा आक्षेप रास्त आहे. जातं, कधी कधी तर घाऊक जातं. जुलै २००८ मध्ये खुद्द एनव्हिडियानं जाहीर केलं, की लॅपटॉपसाठीच्या काही चिप्सच्या बांधणीत वापरलेलं साहित्य कमकुवत निघालं, आणि त्यापायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप आणि तिच्याखालची पाटी तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. रोजच्या तापण्या-निवण्यात मधल्या बारीक डाखांना तडे जातात. ते बुजावेत म्हणून जगभरात लोकांनी कार्डं खरोखरीच घरच्या ओव्हनमध्ये भाजली. भाजलेलं कार्ड काही दिवस चालतंही, त्यामुळे भाजणारा विद्वान ठरतो. ते पुन्हा मरतं तोवर त्याची कीर्ती चार गावं पुढे गेलेली असते. आपल्याकडे हेच काम गरम हवेच्या ब्लोअरनं होतं आणि पावतीवर 'चिप रिबॉल' असं लिहिलं जातं. रिबॉल म्हणजे चिप उचलून तिच्याखालचे सगळे टिपूस नव्यानं बसवणं. नुसतं शेकणं नव्हे, ते बाळंतिणीला शोभतं. पण मुद्दा असा, की खरोखर मरायला टेकलेलं कार्ड सहसा लपूनछपून मरत नाही. पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात, चट्टे पडतात, उभ्या रेघा धावतात, आणि तेही विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचं चिन्ह दिसत असतानाच. चट्टे विंडोज उघडल्यावरच येत असतील तर आधी ड्रायव्हरची झडती घ्यावी. व्हिस्टापासून विंडोजनं एक नियम केला आहे : कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर त्याचा ड्रायव्हर तिथल्या तिथं बंद करून पुन्हा सुरू करायचा. पडदा क्षणभर काळा होतो तो यामुळेही. दोन सेकंद! ही मुदत सरकारी टेबलांना लावली तर महाराष्ट्रात एकही टेबल उभं राहायचं नाही. इतक्या कडक शिस्तीत काम करणाऱ्यावर आपण आळशीपणाचा ठपका ठेवतो.

दुसरा आक्षेप अनुभवाच्या तोऱ्यात येतो : 'नवं कार्ड घातलं आणि मशीन चालू झालं, आणखी काय पुरावा पाहिजे?' पाहिजे. कार्ड बदलताना वीज पूर्ण तोडली, झाकण काढलं, धूळ झटकली, जुनं उपटलं, खाच मोकळी झाली, नवं नीट दाबून बसवलं, वायर नव्यानं खोचली आणि स्क्रूसुद्धा आवळले. इतक्या गोष्टी केल्या आणि श्रेय एकीलाच. तापलेल्या पोराला गोळीही द्यायची, मीठ-मिरच्यांनी दृष्टही काढायची, आणि सकाळी ताप उतरला की जयजयकार मिरच्यांचा. कार्ड दोषी आहे असं म्हणायचं असेल तर तेच जुनं कार्ड त्याच खाचेत पुन्हा बसवून पाहायला हवं. पुन्हा अमावास्या झाली तर खुशाल शिक्षा करा. पाच मिनिटांचा प्रयोग आहे, पण करत कुणी नाही. जुनं चालू झालं तर नव्याचे पैसे कुणाच्या नावे टाकायचे? म्हणून जुनं कार्ड 'राहू द्या आमच्याकडंच' असं म्हणत ड्रॉवरमध्ये जातं, आणि पुढं कुठल्या तरी मशीनमध्ये पुनर्जन्म घेऊन सुखानं नांदतं.

राहिला वेळेचा मुद्दा. 'बाहेर रांग उभी आहे, तुमचा तर्क ऐकत बसू काय?' रांग उभी आहे म्हणूनच तर स्वस्तापासून सुरुवात करायची. वायर काढून पुन्हा खोचायला अर्धा मिनिट लागतो. कार्ड आणायला यवतमाळ, तिथं नाही मिळालं तर थेट नागपूरची सीताबर्डी, म्हणजे एसटीनं अख्खा दिवस. ऑनलाइन मागवावं तर पत्त्यात नुसतं 'कळंब' लिहून भागत नाही, कारण एक कळंब धाराशिव जिल्ह्यातही आहे आणि तेही तालुक्याचंच गाव. नाव बरोबर, गाव चूक. 'डिस्प्ले गेला' या शब्दांचंही अगदी असंच होतं. पार्सल नेमकं कार्डाच्या दारात जाऊन पडतं. खरंच कार्डावर संशय असेल आणि प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असेल, तर कार्ड काढून सरळ टेबलावर ठेवावं आणि वायर वरच्या भोकात लावावी. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यांत ही सोय नसते, एवढं बघून घ्यावं.) रांग पुढे सरकते, कार्डाचा निकाल संध्याकाळी लावता येतो. पण आपल्याकडे कार्डपंथाखेरीज दुसरा पंथ आहे तो फॉरमॅटवाल्यांचा. कुठलंही दुखणं असो, यांचं औषध ठरलेलं : 'विंडोज मारून पाहू.' पडद्यावर काही दिसतच नाही तर मारणार कशी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. या दोन पंथांत हाडवैर आहे, आणि वायर हलवून पाहायची नाही यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

कळंबचा चिंतामणी हा विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. त्याचं देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. इतर देवांसाठी लोक डोंगर चढतात, चिंता हरणारा मात्र खाली बसलेला. कॉम्प्युटरच्या चिंतेचं निवारणही खालीच असतं, टेबलाखाली, जिथं चपला असतात, रिकाम्या पिशव्या असतात, झाडूनं कोपऱ्यात ढकललेला एक्स्टेंशन बोर्ड असतो. पण तिथं वाकायला कुणी तयार नसतं. ऑपरेटर वाकला तर काउंटरवरचा रुबाब जातो, मेकॅनिक वाकला तर फी जाते, आणि सल्ला देणाऱ्यांना तर वाकायची सवयच नसते. शेवटी वाकतो तो चहाचे ग्लास गोळा करायला आलेला माणूस, कारण एक ग्लास कुणीतरी टेबलाखाली सरकवलेला असतो. त्याच्या कोपराचा धक्का कॅबिनेटमागच्या वायरीला लागतो, वायर दोन सूत आत सरकते आणि पडदा उजळतो. रांगेतले काका सातबाऱ्याचा कागद सरसावून पुढे होतात. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर खिशात खोचत, दोन्ही हात कमरेवर ठेवून पडद्याकडे बराच वेळ पाहतो आणि म्हणतो, 'थंडं झालं म्हणून आलं. पण लक्ष ठेवजा, भाऊ, कार्ड जाऊन राह्यलं थे.' ऑपरेटर चिंतातुर मान हलवतो आणि वहीत लिहून ठेवतो : नवीन कार्ड, एक नग. त्या मशीनला मुळात कार्डच नाही.